डिस्प्लेकॅल: साड्यांचे रंग संकेतस्थळावर खरे दिसावेत म्हणून

पैठणीची छायाचित्रे संकेतस्थळासाठी तयार करताना सर्वांत अधिक कस लागतो तो मोरपंखी रंगाचा. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे ती छटा मुळातच पाहण्याच्या कोनानुसार बदलते; त्यात संगणकाचा पडदाही निळसर असेल, तर रंगाची दुरुस्ती कशाच्या आधारे करावी हेच कळेनासे होते. पडद्याचे रंग मोजून ते अचूक करण्याच्या या कामासाठी डिस्प्लेकॅल हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मला अतिशय विश्वासार्ह वाटते.

ग्रेम गिल यांच्या आर्गिलसीएमएस या रंग-व्यवस्थापन प्रणालीवर ते उभे आहे. पडद्यावर रंगमापक (रंग मोजणारे छोटे उपकरण) टेकवला की एकामागून एक रंगीत चौकोन उमटतात, उपकरण प्रत्येकाचे मोजमाप घेते आणि त्यावरून त्या पडद्याचे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो पडदा रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, तयार होते. वेबच्या कामासाठी मी पांढरा बिंदू (पांढऱ्या रंगाची छटा) डी६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, गॅमा (मधल्या छटांची उजळता ठरवणारा आकडा) २.२ आणि उजेड १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवतो. शेवटी मिळणारा पडताळणी अहवाल मला फार मोलाचा वाटतो, कारण कोणता रंग किती चुकतो आहे हे त्यात डेल्टा-ईच्या (दोन रंगांतील फरक मोजणाऱ्या) आकड्यांत स्पष्ट दिसते आणि डोळ्यांच्या अंदाजावर विसंबावे लागत नाही.

रंगमापक मात्र वेगळा विकत घ्यावा लागतो, बारकाईच्या मोजणीला बराच वेळ लागतो आणि पर्यायांची गर्दी नवख्याला गोंधळात टाकते. डिस्प्लेकॅलची मूळ आवृत्ती पायथन २ या आता आधार बंद झालेल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली असल्याने आता पायथन ३ साठीची आवृत्तीच घ्यावी.

पडदा अचूक झाला तरी फाइलची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. ॲडोबी आरजीबी या अधिक रंग सामावणाऱ्या रंगावकाशातील (रंगांच्या ठरावीक कक्षेतील) छायाचित्र संकेतस्थळावर चढवताना त्याचे प्रोफाइल गळून पडले, तर ब्राउझर ते सामान्यतः एसआरजीबी या वेबवरच्या प्रमाण रंगावकाशातील समजून दाखवतो आणि साडी फिकी दिसते. म्हणून निर्यात करतानाच एसआरजीबीमध्ये रूपांतर करून प्रोफाइल फाइलमध्ये ठेवावे. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला हा एसआरजीबी रंगावकाश गडद निळ्या-हिरव्या छटांना अपुरा पडतो, आणि मोरपंखी नेमका तिथेच येतो. त्यामुळे अशा साडीच्या वर्णनात ताणा-बाण्याचे रंग मी शब्दांतही नोंदवतो आणि दिवसाच्या उजेडात टिपलेले पदराचे एक जवळचे छायाचित्र सोबत जोडतो.