वाळवीच्या 'हर्बल ट्रीटमेंट'च्या नावाखाली आमच्या इमारतीत काय झालं

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंख फुटलेली वाळवी घोंगावते आणि सकाळी खिडकीखाली पंखांचा खच दिसतो. माणसं घाबरतात. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या परळच्या जुन्या इमारतीत जिन्याजवळ पत्रकं लागली: 'हर्बल ट्रीटमेंट, वास नाही, 5 वर्षांची लेखी गॅरंटी.'

आमचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या सागवानी चौकटीवर पेन्सिलीएवढी मातीची नळी चढली होती. चौकटीचा रंगसुद्धा शाबूत होता, पण अंगठा टेकवला तर सरळ आत गेला. आत नुसते पापुद्रे. ही जमिनीतली वाळवी. ओलाव्यासाठी तिला मातीशी संबंध ठेवावा लागतो, म्हणून ती नळ्या बांधत वर येते.

पेस्ट कंट्रोलवाल्याने 24 हजार सांगितले, निम्मे आगाऊ घेतले. कामाच्या दिवशी घरी फक्त आई होती. दोन पोरं आली, भिंतीच्या कडेने फरशीला भोकं पाडली, पांढरं पाणी मारलं आणि व्हाइट सिमेंटने बुजवून तासाभरात उरलेले पैसे मागितले. आईने विचारलं, "एवढ्यात झालं?" तर म्हणे, "आजी, औषधच तसं पॉवरफुल आहे." वास नाही म्हणाले होते, घरभर फिनेलचा वास होता. फिनेल पाण्यात टाकलं की तेही दुधासारखंच दिसतं.

आता हिशेब बघा. राहत्या घरातल्या वाळवीसाठी भारतीय मानक आहे, आयएस 6313, भाग 3. त्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यावर साधारण फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं आणि प्रत्येकात जास्तीत जास्त 1 लिटर द्रावण सांगितलंय. आमच्या भिंती सगळ्या मिळून 120 फूट भरतात, म्हणजे साधारण 120 भोकं आणि 120 लिटरपर्यंत द्रावण. पोरांनी आणला होता पाठीवरचा 16 लिटरचा एक पंप, आणि तोही पुरता रिकामा झाला नाही.

दिवाळीच्या आधी नळी पुन्हा चढली. फरशीचा तुकडा काढून पाहिला तर भोक फरशीतच संपलं होतं, खाली मातीपर्यंत गेलंच नव्हतं.

सगळ्यात संताप आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं ऐकून. त्यांच्या कपाटातून खसखशीसारखे बारीक दाणे पडत होते. ती कोरड्या लाकडातली वाळवी. ती लाकडातच राहते, मातीकडे जात नाही, नळ्याही बांधत नाही. औषध त्या कपाटाच्या लाकडात द्यायला हवं. तरी यांनी तिसऱ्या मजल्याच्या फरशीला भोकं पाडून पैसे घेतले! एकट्या राहणाऱ्या बाईला असं लुबाडायचं?

औषधाचा सीलबंद डबा तुमच्यासमोरच फोडायला लावा. लेबलवर औषधाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन असतो. कीटकनाशक वापरायचा परवानाही मागा. कृषी खात्याचा असतो. आमच्या गॅरंटी कार्डावर परवाना क्रमांक नाही, पत्ता नाही, नुसता शिक्का आहे. फोन आता बंद.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली आहे, काकूंचीही. परळ-लालबाग भागात कुणाकडे असं शिक्क्याचं कार्ड आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा. भोकं बुजवून टाकण्याआधी मोजायची टेप शेजारी लावून फोटो काढा, आणि एकात तार घालून खोली मोजा.