बीटलच्या मडगार्डची रबर बीडिंग : आठ महिन्यांनंतर

मडगार्ड आणि बॉडीच्या सांध्यातून डोकावणारी ती काळी गोल कड शोभेची असते, असं मी बरीच वर्षं समजत होतो. माझ्या १९६७ च्या फोक्सवॅगन बीटल गाडीची जुनी बीडिंग उपटली आणि गैरसमज फिटला. खाली पत्र्यावर पत्रा घासून रंग उडालेला, आणि नेमकं तिथेच गंजानं घर केलेलं. दोन पत्रे एकमेकांना भिडू न देणं हे तिचं खरं काम. सांधा झाकला जातो तो वरचा फायदा.

आधीची पीव्हीसीची होती, दगडासारखी कडक झालेली. या वेळी ईपीडीएम या कृत्रिम रबराची घेतली. ऊन आणि हवेतला ओझोन याला नैसर्गिक रबर लवकर तडकतं, ईपीडीएम तग धरतं. चमक मात्र कमी. पीव्हीसीची तकाकी आवडत असेल तर ही पहिल्या दिवशी फिकी वाटेल.

बसवणं दिसतं तेवढं सोपं नाही. बीटलचे मडगार्ड ८ मिमीच्या बोल्टवर असतात, १३ चा पाना लागतो, आणि बोल्ट बॉडीत पक्क्या बसवलेल्या नटांत जातात. ते नट गंजलेले असले की एखादा जागच्या जागी फिरू लागतो आणि अख्खा दिवस त्यातच जातो. माझ्याकडे दोन फिरले. बाकीच्यांत आधी टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ केले. मग मडगार्ड सैल लटकवायचा, बीडिंगच्या चपट्या पट्टीत बोल्टच्या जागी उघड्या खाचा पाडायच्या आणि ती फटीत सरकवायची. खाच बोल्टच्या दांड्यावर बसते, गोल कड बाहेर राहते. वळणावर पट्टी चुण्या धरते, तिथे छोटे त्रिकोणी काप द्यावे लागतात. सरकवायला साबणाचं पाणी पुरतं. ग्रीस लावू नका, ईपीडीएम त्यानं फुगतं.

आता माझी चूक. डाव्या बाजूला कड सरळ दिसावी म्हणून पट्टी ताणून बसवली. दिसलीही अगदी रेघ ओढल्यासारखी. दोनेक महिन्यांत ती मूळ लांबीवर आली आणि दाराखालच्या पायदानाजवळचं टोक बोटभर मागे सरकलं. पुन्हा सगळे बोल्ट सैल करून नवी पट्टी घालावी लागली. उजवीकडे न ताणता, दोन्ही टोकांना दोन सेंटीमीटर जास्तीची ठेवली होती. काही आठवड्यांनी छाटली, ती आजही जागची हललेली नाही.

बोल्ट आवळण्याचंही तसंच. एका टोकापासून सुरुवात केली की रबर पुढे ढकललं जातं आणि दुसऱ्या टोकाशी कड वाकडी होते. मधून दोन्हीकडे, थोडं थोडं, बोटानं कड दाबत. जास्त आवळलं तर पट्टी चेपून कड उलटी फिरते.

पत्र्यांच्या सांध्यातून येणारी करकर गेली का? बरीचशी. उरलेल्या आवाजासाठी मी बीडिंगला दोन महिने शिव्या घातल्या. शेवटी दोषी निघाला पायदान आणि मडगार्डमधला झिजलेला रबरी वॉशर.

पाण्याबाबत फार अपेक्षा ठेवू नका. पावसाळ्यानंतर उजवा मागचा मडगार्ड मुद्दाम उघडला, तर वरच्या कडेला चाकानं उडवलेला चिखल अजून ओलसर होता. ही पट्टी पाणी अडवत नाही. दोन्ही पत्र्यांच्या कडा आणि भोकांचे काठ आधी नीट रंगवले होते म्हणून गंज नव्हता. ताज्या रंगावर मात्र लगेच आवळू नका. माझा रंग आतून कच्चा होता, पट्टीचा ठसा उमटला. तो सांध्याच्या आत आहे, मडगार्ड उघडल्याशिवाय दिसत नाही, पण मला माहीत आहे.

पुढच्या दोन मडगार्डांसाठी हीच बीडिंग आणून ठेवली आहे. रंग पूर्ण सुकेपर्यंत ती गुंडाळी भिंतीवरच लटकणार.