कापसाच्या घरात बॅटरीवरचा झाडू

गेल्या पोळ्याच्या आधी घेतला, आता रोहिणी लागल्यात. म्हणजे चिखल, कापूस, सोयाबीनचं कुटार, थंडी आणि मे महिन्याचं ऊन, सगळं या यंत्राचं आमच्याकडे बघून झालं. घेण्याआधी वाचलेले बहुतेक अनुभव पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधले होते. आमच्याकडे, हिंगणघाटच्या बाजूला, निम्मं शेत पायांबरोबर घरात येतं. म्हणून हे लिहून राहिले.

आधी एवढं लक्षात घ्या की हा व्हॅक्यूम क्लीनर नाही. हवा ओढत नाही. खाली आडवा ब्रशचा रोल फिरतो आणि केर मागच्या डब्यात फेकतो, बस. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत मेल्विल बिसेल नावाच्या क्रोकरीच्या दुकानदाराने १८७६ मध्ये गालिचा झाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. खोक्यांतला लाकडाचा भुसा दुकानातल्या गालिच्यातून निघता निघत नव्हता, असं सांगतात. त्यात ढकललं की चाकांवर ब्रश फिरायचा. आता मोटर आणि बॅटरी आली, काम तेच.

हवेची ओढ नाही, म्हणून बारीक भुकटी फरशीच्या सांध्यांत राहतेच. टाइल्सच्या खोलीत ते जाणवत नाही, ओसरीच्या खडबडीत शहाबादीवर लगेच दिसतं. भिंतीच्या कडेला दोन बोटं पट्टी सुटते, ती हातानेच काढावी लागते. सारवलेल्या जागेवर तर नेऊच नका, पोपडे निघतात. आणि ओली काळी माती! ती ओलेपणी फुगते, चिकटते आणि ब्रशच्या बुडाशी वाळली की कंगव्यालाही दाद देत नाही. पावसाळ्यात पावलं वाळू द्यायची, ढेकळं खराट्याने काढायची, मग यंत्र.

पण वेचणी सुरू झाली आणि पैसे वसूल झाले. भाव वाढेल या आशेवर आमच्या मधल्या खोलीत कापसाचा ढीग छताकडे चढत जातो. त्या दिवसांत घरभर रुई. फडा मारला की ती पुढे पळते, फडा उचलला की मागे येऊन बसते. या यंत्राने एका फेरीत रुई उचलली, पऱ्हाटीच्या पानांच्या चुऱ्यासकट. सुटी सरकी मात्र ब्रशला लागून टणकन उडते, ती वेचावी लागते. डबाही लहान, आणि कापूस काही दबून बसत नाही, त्यामुळे तेवढ्या कामात डबा पुन्हा पुन्हा झटकायचा.

याची खरी किंमत नंतर कळते. कापसाचा तंतू इंचभर लांब. त्यात घरातल्या बायांचे केस मिसळले की सगळं रोलच्या दोन्ही टोकांना जाऊन पिळलं जातं. वरून काही दिसत नाही, कारण ते टोपणाखाली असतं. आवाजावरून ओळखायचं. यंत्र कण्हल्यासारखं चालतं, दांडा हातात थरथरतो, मोटरच्या बाजूला हात लावला तर गरम. मग बटण बंद करून उलटं करायचं, बाजूची खिट्टी दाबून रोल काढायचा आणि ब्रशच्या ओळींमधल्या खाचेतून लहान कात्रीचं टोक सरकवत गुंता कापायचा. ब्लेड नको, ब्रशचेच केस तुटतात. शेवटी टोपण काढून आतलं चिमट्याने उपसायचं. बांगडीएवढं घट्ट, पांढरं-काळं कडं निघतं ते. वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा, एरवी महिन्यातून एकदा हे केलं की यंत्र कुरकुर करत नाही. तिथे शिलाई मशीनचं तेल सोडायचा मोह होतो, पण सोडू नका. तेलावर रुई आणखीच बसते.

सासूबाईंचं सुरुवातीला एकच चालायचं, "काहून व, फडा सोडून हे काय फिरवून राहिली?" आता त्याच सकाळी घेऊन निघतात, कारण गुडघे दुमडावे लागत नाहीत. दिवेलागणीनंतर झाडू नये हा त्यांचा नियम पक्का. पण याला त्यांनी सूट दिली. केर डब्यातच राहतो, उंबऱ्याबाहेर जात नाही, म्हणून चालतं म्हणे. डबा सकाळीच रिकामा करायचा. दसऱ्याला फवारणीच्या पंपाशेजारी यंत्रालाही झेंडूचं फूल मिळालं. लक्ष्मीपूजनाला मात्र नवा फडाच.

आता बॅटरी. गावठाणाची लाईन शेतीच्या फीडरपेक्षा बरी, तरी वारा सुटला की जाते. अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, त्यामुळे संध्याकाळचा मंद दाब त्याला चालतो. भीती लाईन येतानाच्या झटक्याची, म्हणून ती गेली की मी पिन काढून ठेवते. उन्हाळा वेगळंच प्रकरण. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात आमच्या टिनाच्या खोलीत दुपारी त्याहून जास्तच असतं. तेव्हा चार्जिंग पहाटे, आणि दिवसभर यंत्र मधल्या खोलीत. बरेच दिवस गावाला जायचं असेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवू नका, निम्मी ठेवा.

एवढं जपूनही दम कमी झालाय. आधी एका चार्जमध्ये सगळं घर व्हायचं, आता ओसरी राहून जाते. सेवा केंद्राला फोन केला तर रोल मिळेल म्हणाले. सुटी बॅटरी देत नाहीत, पूर्ण यंत्र पाठवा, तेही आपल्या खर्चाने. घेणार असाल तर दुकानातच उलटं करून बघा. रोल स्क्रूशिवाय निघतो का, टोपण सुटतं का, बॅटरी बाहेर येते का. माझ्यात पहिली दोन्ही जमतात, तिसरं नाही. हिंगणघाटचा एक मोबाईल दुरुस्तीवाला आतले सेल बदलून देतो म्हणतो, पण वॉरंटी असेपर्यंत उघडायचं नाही असं ठरवलंय. ओसरी तोवर फड्याने.