महापे येथील झेटा पोटेन्शियल मापन सेवा: एका रंग उत्पादकाचा अभिप्राय

रबाळ्यात पाण्यावर आधारित भिंतरंग बनवणाऱ्या आमच्या लहान उद्योगात केओलिनची, म्हणजे चिनी मातीची, लगदी साठवणीत टिकेल की नाही हे आधी जाणून घ्यावे लागते. त्यासाठी झेटा पोटेन्शियल, म्हणजे पाण्यातील कण एकमेकांना किती दूर ढकलतात याचा अंदाज देणारे कणाच्या पृष्ठभागालगतचे विद्युत पोटेन्शियल, मोजून देणाऱ्या महापे औद्योगिक क्षेत्रातील एका खासगी प्रयोगशाळेच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. मापन उत्तम आहे, परंतु अहवालाच्या शेवटी दिला जाणारा निष्कर्ष केओलिनसाठी तरी जसाच्या तसा स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगली बाजू आधी सांगतो. कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाच्या आधारे चालणाऱ्या या यंत्राला दाट लगदी चालत नाही. ती विरल करावी लागते, आणि बहुतेक चूक तिथेच होते. ऊर्ध्वपातित पाणी ओतले की क्षारांचे प्रमाण घटते आणि कणाभोवतीचा आयनांचा थर फुगतो. मिठासारख्या क्षाराच्या 0.1 मोलर द्रावणात या थराची जाडी, म्हणजे डिबाय लांबी, सुमारे 1 नॅनोमीटर असते, तर 0.001 मोलर द्रावणात ती सुमारे 10 नॅनोमीटर होते. म्हणजे मोजला जातो तो नमुना आपल्या पिंपातला राहतच नाही. येथील रसायनतज्ज्ञ बाईंनी आमचीच लगदी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वर निवळलेल्या पाण्यात नमुना विरल केला, तसेच सामू, वाहकता आणि तापमान अहवालात नोंदवले. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

अडचण निष्कर्षाची आहे. आकडा उणे 30 मिलिव्होल्ट या स्थिरतेच्या प्रचलित ढोबळ मर्यादेच्या पलीकडे गेल्यामुळे अहवालात ‘स्थिर’ असा शेरा होता, आणि त्याच वेळी आमच्या गोदामातील लगदी दह्यासारखी घट्ट झाली होती. केओलिनचा कण म्हणजे एक चपटी पाटी: तिच्या सपाट बाजूंवर प्रामुख्याने ऋण प्रभार असतो, तर कडांवरचा प्रभार सामूनुसार बदलतो आणि आम्लधर्मी पाण्यात तो धन होतो. अमोनिया घालण्यापूर्वी आमच्या लगदीचा सामू 5 च्या आसपास असल्याने एका पाटीची धन कड दुसरीच्या ऋण सपाटीला चिकटते आणि पोकळ सांगाडा उभा राहतो. यंत्र मात्र संपूर्ण कणाचा विद्युत क्षेत्रातील वेग मोजते आणि स्मोलुचोव्स्कीच्या 1903 च्या सूत्राने त्याचे एका आकड्यात रूपांतर करते. ते सूत्र पृष्ठभागावरचे पोटेन्शियल सर्वत्र सारखे आहे असे धरून चालते. अँडरसन यांनी 1985 मध्ये दाखवले, की हे पोटेन्शियल असमान असेल तर ज्याची सरासरी शून्य आहे असा गोल कणही क्षेत्रात सरकू शकतो. सपाट बाजूंचे क्षेत्रफळ कडांपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे एका आकड्यात कडा जवळजवळ दिसतच नाहीत.

क्षारांचे प्रमाण येथे आणखी एक गुंता वाढवते. पाण्यात क्षार कमी असले, तर सपाटीचा जाड आयनथर कडेवरून पलीकडे पसरतो आणि तिचा धन प्रभार काही अंशी झाकतो. विशेषतः माँटमोरिलोनाइट या दुसऱ्या माती-खनिजाच्या सुमारे 1 नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांत हा परिणाम मोठा असतो. क्षार वाढले की थर आकसतो आणि कड उघडी पडते. टँकरच्या जड पाण्यातील कॅल्शियम हाच थर सोडियमपेक्षा अधिक प्रभावीपणे दाबून टाकते.

म्हणून या सेवेत एका मापनावर थांबू नये. विनंती केल्यावर त्यांनी पोटॅशियम क्लोराइडच्या दोन तीव्रतांत सामू 3 ते 10 पर्यंतची मालिका करून दिली. शुल्क बरेच वाढले, पण सामूनुसार बदलणाऱ्या झेटा पोटेन्शियलच्या वक्राचा बदलता उतार पाहून कडांचा अंदाज बांधता आला, आणि अल्प प्रमाणात सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालण्याचा निर्णय त्यावरच घेतला. हा फॉस्फेट मुख्यतः कडांवर बसून त्यांचा प्रभार ऋण करतो. लगदी पातळ झाली.

नमुना देताना कारखान्यात वापरले जाणारे पाणी वेगळ्या बाटलीत सोबत न्यावे आणि मालिकेची मागणी अर्जावरच लिहावी, कारण छापील अर्जात तो पर्याय नाही.