धातूचा ई६बी: गॅलन आणि लिटर यांच्या मधली चकती

उड्डाणाचे प्रशिक्षण सुरू केले तेव्हा मी पुठ्ठ्याचा ई६बी, म्हणजे वैमानिकांचा हिशेबाचा चकतीवाला गणक, घेतला होता. एका पावसाळ्यात तो फुगला, चकती फिरेनाशी झाली, आणि मग ॲल्युमिनियमचा घ्यावा लागला. फिलिप डाल्टन या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने १९३०च्या दशकात रचलेले हे गोल गणकयंत्र आजही जवळपास त्याच रूपात मिळते.

मला त्याचा सर्वाधिक उपयोग एकके बदलण्यासाठी होतो. आमच्या सेसना १७२एस विमानातील इंधनमापक अमेरिकी गॅलन दाखवतात, इंधनाच्या गाडीचे मीटर लिटरमध्ये चालते, वजनाचे तक्ते पौंडांत आहेत आणि प्रवासी आपले वजन अर्थातच किलोत सांगतो. बाहेरच्या कड्यावरील अमेरिकी गॅलनच्या बाणाखाली ५३ आणले, की लिटरच्या बाणाखाली २०० दिसतात. दोन्ही टाक्यांतील वापरण्याजोगे इंधन तेवढेच. घामेजल्या बोटांनीही चकती नेमकी जागेवर थांबते.

उणीव अशी, की दशांशचिन्ह कुठे द्यायचे हे यंत्र सांगत नाही. चकतीवरचे २० म्हणजे २, २० की २००, हे आपणच ठरवायचे, आणि त्यासाठी राशीचा अंदाज मनात आधीच असावा लागतो. लिटरचा तो मला आहे, कारण वीस लिटरचा पाण्याचा जार घरात रोज उचलला जातो. गॅलन मात्र अजून कोरा आकडाच वाटतो. एकदा मी चुकून शेजारच्या इंपिरियल (म्हणजे मोठ्या, ब्रिटिश) गॅलनच्या बाणाखाली ५३ आणले आणि उत्तर २४० लिटर आले. टाक्या काठोकाठ भरल्या तरी २१२च्या आसपासच मावते, हे ठाऊक असल्याने चूक तिथेच पकडली गेली. तेव्हापासून इंधनाचा सारा हिशेब मी लिटरमध्ये मांडतो आणि गॅलनमध्ये फक्त शेवटचा आकडा उतरवतो.

वेग आणि उंची यांबाबत मात्र मला किलोमीटर-मीटर नकोत. उतरतानाचे ६५ नॉट, म्हणजे ताशी ६५ नॉटिकल मैल, आता हाताला कळतात. शिवाय नॉटिकल मैल म्हणजे अक्षांशाचे एक मिनिट, त्यामुळे अंतर नकाशावरील उभ्या रेखावृत्तांवरच्या अक्षांशाच्या खुणांवरच मोजता येते.

अक्षरे फार बारीक आहेत, आणि उन्हात काचेपाशी राहिला तर हा गणक हातात धरवत नाही. तरीही पुठ्ठ्यापेक्षा हाच घ्यावा. माझ्या गणकावर अमेरिकी गॅलनच्या बाणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे.