शंभरचा आकडा सोडा, पाय दिल्यावर काय होतं ते बोला: टर्बो हॅचबॅक, दीड वर्षानंतर

पाय दाबल्यावर गाडी सेकंदभर थांबून मग का पळते, या तक्रारीवर सर्व्हिस सेंटरवरून पुन्हा तेच उत्तर घेऊन परतलो: "साहेब, या गाडीचं ते कॅरॅक्टरिस्टिकच आहे." म्हणून आता लिहायलाच बसलो.

दोन लिटर टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ताकद पुढच्या चाकांना. बाकी स्पेक तुम्हाला पाठ असतील. शून्य ते शंभर साडेसहा सेकंदांच्या आत, असं ब्रोशर सांगतं. १९७६ च्या फोक्सवॅगनच्या पहिल्या गोल्फ जीटीआय हॅचबॅकला (माझी त्या घराण्यातली नाही) सुमारे नऊ सेकंद लागायचे आणि ती तेव्हा तुफान समजली जायची. आज तेवढ्यात घरगुती एसयूव्हीसुद्धा शंभर गाठते. टेस्लाची मॉडेल एस प्लेड तर दोन सेकंदांच्या आसपासचा आकडा मिरवते. त्यातही गोम आहे: अमेरिकी ड्रॅग स्ट्रिपच्या रिवाजाप्रमाणे पहिला एक फूट घड्याळात धरलेलाच नसतो.

माझं भांडण या आकड्याशी नाही, एका सेकंदाशी आहे. 'डी'मध्ये, म्हणजे ऑटोमॅटिकच्या ड्राइव्ह मोडमध्ये, ऐंशीने निवांत चाललोय. मायलेजसाठी गिअरबॉक्स सर्वात वरच्या गिअरमध्ये जाऊन बसलाय, इंजिन अर्धवट झोपेत. पुढे ट्रक, पलीकडे रस्ता मोकळा. इंडिकेटर दिला, पाय पूर्ण दाबला आणि... काही नाही. मग एकदम ढुशी बसते.

ड्युअल क्लच पुढचा गिअर आधीच लावून ठेवतो, ही त्याची खुबी. पण त्याने अंदाज बांधलेला असतो एक आणि मला हवा असतो तिसरा. लावलेला सोडायचा, हवा तो पकडायचा, तोवर टर्बोही (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) एक्झॉस्टच्या जोराची वाट बघत असतो. ऐंशीच्या वेगात सेकंदाला बावीस मीटर जातात. ट्रकच्या शेजारी असताना ते फार वाटतात. सॉफ्टवेअर अपडेट करून घेतला. फरक शून्य, बिल मात्र वेळेवर.

सुरुवातीचे काही महिने ही शुद्ध फसवणूक वाटायची. आता मत जरा मवाळ झालंय. ओव्हरटेकच्या आधीच स्टिअरिंगमागचा डावा, गिअर उतरवणारा पॅडल ओढत तिसऱ्यात आणायची, इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की पाय द्यायचा. मग ऐंशीचे एकशेवीस कधी होतात कळत नाही, आणि तेवढ्यापुरतं सगळं माफ करावंसं वाटतं. (ऑटोमॅटिकचे जादा पैसे मग कशाचे दिले, हे कंपनीने सांगावं.)

पुढचे टायर अपेक्षेपेक्षा फारच लवकर गेले. स्वस्तातले टाकणार होतो, पण साईडवॉलवर 'एच' दिसलं, म्हणजे मर्यादा ताशी २१०. मूळच्यांवर 'वाय' होतं, ३०० ची. दोनशे दहाने मी जन्मात जाणार नाही, पण स्वस्तातल्यांची पकडही कमी असेल अशी शंका आली. कुरकुरत महागडे घेतले. दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं जागच्या जागी फिरायची, ते जवळजवळ थांबलं. इंजिनला हात न लावता गाडी वेगवान झाली.

ब्रेकबद्दल तक्रार नाही. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते, तरी लांब उतारावर पेडल घट्ट राहिलं. ब्रेक फ्लुइड मात्र वेळच्या वेळी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि तापलं की पेडल मऊ पडतं. कंजूषपणा करायला सीट कव्हर आहेत.

टेस्ट ड्राइव्हला गेलात तर सिग्नलवरून पळवून बघू नका. 'डी'मध्ये साठ-ऐंशीने चालवत राहा, सेल्समन बोलण्यात रंगला की पाय पूर्ण दाबा, आणि ढुशी बसेपर्यंत मनात मोजा.