नोंदींचा प्रोग्रॅम: खातं बरं की फोल्डर?

कॉम्प्युटरवर नोंदी ठेवायला कुठला प्रोग्रॅम घ्यावा, या प्रश्नाची उत्तरं फिरून फिरून दोनच घरांत येतात. एक घर खात्याचं: नोशन, एव्हरनोट, वननोट. लॉगिन करायचं, लिहायचं. नोंद कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तुमच्या सगळ्या यंत्रांवर उमटते. दुसरं घर फोल्डरचं: ऑब्सिडियन, झेटलर किंवा अगदी साधा टेक्स्ट एडिटर. इथे नोंद म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक फाइल, आणि प्रोग्रॅम ही फक्त ती बघायची खिडकी. काही जण उंबऱ्यावर उभे आहेत. जॉपलिनचंच बघा, प्रोग्रॅम मुक्तस्रोत, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो; सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवर नोंदी सारख्या ठेवणं, कुठून करायचं ते तुम्ही ठरवायचं, पण नोंदी मात्र एका डेटाबेसच्या पोटात.

मी पहिल्या घरात चार-पाच वर्षं काढली, मग दुसऱ्यात राहायला आलो. सामानाचा एक खोका अजून पहिल्याकडेच पडलाय. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपणार नाही, आणि लपवायचंही नाही. फक्त तो कल का झाला ते कळलं तर तुमची परिस्थिती वेगळी आहे की नाही हे तुम्हाला ठरवता येईल.

शोध, टॅग, चेकबॉक्स, डार्क मोड वगैरेंची यादी करत बसत नाही. ते आता सगळीकडे आहे आणि त्यावरून कुणी निवड करू नये.

खात्याच्या घराबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण तिथे चांगलं बरंच आहे. वननोटचं पान मला आजही आवडतं. पानावर कुठेही क्लिक करा, तिथे लिहायला लागा. बाजूला बाण काढा, पेनने खरडा. २००३ सालापासूनची ही कल्पना आहे आणि व्याख्यान ऐकता ऐकता टिपणं काढणाऱ्यासाठी तिच्याइतकं सोयीचं मी दुसरं काही पाहिलं नाही. एव्हरनोटचा वेबवरचं पान उचलून आणणारा क्लिपर आणि चित्रातला मजकूरही शोधणारा शोध, या दोन गोष्टींसाठी माणसं वर्षानुवर्षं तिथे टिकली ती उगाच नाही. नोशनची खुबी वेगळीच. तीच माहिती तक्ता म्हणून बघा, कॅलेंडर म्हणून बघा, किंवा कार्डांचा फळा करून बघा. चार जणांनी मिळून एखादं काम हाकायचं असेल, एकमेकांच्या लिखाणावर शेरे मारायचे असतील, तर फोल्डरवाल्यांनी त्या बाबतीत बोलूच नये. आम्ही फाइल ईमेलने पाठवतो आणि तिच्या नावात 'अंतिम_२' लिहितो.

आता ज्या कुरबुरीमुळे माझा निर्णय झाला ती सांगतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल. प्रोग्रॅमचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की सगळी चर्चा नावावरच घसरते.

एका हेल्पलाइनवर बराच वेळ संगीत ऐकल्यावर पलीकडून एकदाचा माणसाचा आवाज आला. "तक्रार क्रमांक सांगते, लिहून घ्या." फोन कान आणि खांद्यामध्ये धरला, टास्कबारवरच्या चिन्हावर क्लिक केलं. खिडकी उघडली, आदल्या रात्री केलेली पुस्तकांची यादी दिसली. नव्या नोंदीसाठी कंट्रोल-एन दाबलं. पलीकडून "चार, सात, तीन..." सुरू झालं, मी टाइप करत गेलो. तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात बारीकसं चक्र फिरलं, डावीकडच्या नोंदींचा क्रम खालीवर झाला आणि पडद्याच्या मधोमध एक देखणी चौकट आली: या आवृत्तीत नवीन काय आहे. ती बंद करेपर्यंत बाईंनी उरलेले सगळे आकडे सांगून टाकले होते. "परत सांगता का?" म्हटलं. त्यांनी सांगितले, पण ज्या सुरात सांगितले तो सूर अजून लक्षात आहे. क्रमांक शेवटी एका पाकिटाच्या पाठीवर पेनने लिहिला.

पहिल्या तीन आकड्यांचं काय झालं ते महिन्याभराने कळलं. वाचायच्या पुस्तकांची यादी काढली, तर सातव्या आणि आठव्या पुस्तकाच्या मध्ये '४७३' निवांत बसलेले.

तांत्रिक अंगाने बघितलं तर यात गूढ काही नसावं. असे प्रोग्रॅम सहसा आधी यंत्रावर साठवलेली जुनी प्रत दाखवतात, म्हणजे झटकन उघडल्यासारखं वाटतं. मग सर्व्हरशी बोलतात, बदल आणतात आणि पडदा नव्याने रंगवतात. या दोन्हींच्या मधल्या दोन-तीन सेकंदांतच घोटाळा होतो. फोटो सुधारायचा प्रोग्रॅम उघडायला वेळ लागला तर मी पाणी पिऊन येतो, काही बिघडत नाही. नोंदींचा प्रोग्रॅम मात्र माणूस उघडतोच मुळी घाईत. कुणीतरी बोलत असतं, काहीतरी सुचलेलं असतं, आणि ते निसटायच्या आत कुठेतरी टेकवायचं असतं. दिसायला तयार आणि प्रत्यक्षात अजून कपडे घालतोय, असा प्रोग्रॅम त्या वेळी सरळसरळ हळू असणाऱ्यापेक्षा वाईट. हळू असेल तर आपण थांबतो तरी.

हे एकदाच झालं असतं तर विसरलोही असतो. पण एकदा लक्षात आल्यावर दिसायलाच लागलं. वाक्याचा पहिला शब्द गायब. मथळ्यात लिहिलेलं मजकुरात. नेट नीट चालत नसेल तर चक्र फिरतच राहायचं आणि मी त्याच्याकडे बघत बसायचो. सेटिंगमध्ये शोधलं, 'उघडल्याबरोबर कोरं पान दे आणि मला हात लावू नकोस' असा पर्याय सापडला नाही. कदाचित असेलही, मला दिसला नसेल.

मग ऑब्सिडियनकडे आलो. २०२० साली आलेला हा प्रोग्रॅम काही हलकाफुलका नाही. तोही इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावरच बांधलेला, म्हणजे आतून ब्राउझरच. घड्याळ लावून मी मोजलेलं नाही. दोघांना उघडायला सारखाच वेळ लागत असेल तर मला नवल वाटणार नाही. फरक इतकाच जाणवला, की कर्सर एकदा आला की जागचा हलत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. घाई असली की मी ऑब्सिडियन उघडतच नाही. त्याच्या फोल्डरमध्ये 'आत्ता' नावाची एक फाइल करून ठेवली आहे, आणि ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडणारं चिन्ह डेस्कटॉपवर आहे. डबल क्लिक केलं की पांढरी खिडकी येते. आकडे लिहायचे, सेव्ह करायचं, बंद. संध्याकाळी ऑब्सिडियन उघडला की ते त्यात दिसतातच, कारण फाइल तीच. मग सवडीने जिथल्या तिथे हलवायचं. खात्याच्या घरात हे करता येत नाही. तिथे नोंदीपर्यंत जायला एकच दार, आणि ते उघडेपर्यंत बाहेर उभं राहायचं. वननोटची वही जुन्या पद्धतीने डिस्कवर ठेवता येते हे खरं, पण ती वाचायला पुन्हा वननोटच लागतो.

फाइलीतला मजकूर मार्कडाउनमध्ये असतो. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेली ही पद्धत. मथळ्याआधी हॅश, ठळक करायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे, बस. सुरुवातीला तारे बघून कुणाच्याही कपाळाला आठी पडेल. माझ्याही पडली होती, आठवड्यात गेली.

आता फोल्डरच्या घरातली गळती. पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे प्लगइन, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडायच्या जादा सोयी. ऑब्सिडियनला इतरांनी बनवलेली हजारो प्लगइन आहेत, आणि ती घरच्या दुरुस्तीसारखी असतात: एक काढलं की दुसरं निघतं. मी दोन पूर्ण शनिवार-रविवार कॅलेंडर, रंग, आपोआप भरणारे मथळे असलं काहीबाही जोडण्यात घालवले. त्या चार दिवसांत एकही नोंद लिहिली नाही. सोमवारी बहुतेक सगळं काढून टाकलं. नोंदी एकमेकांना कशा जोडल्या आहेत ते दाखवणारा ग्राफ पाहुण्यांना दाखवायला छान आहे. मी स्वतः तो शेवटचा कधी उघडला आठवत नाही.

दुसरी, तक्ते. साध्या मजकुरात तक्ता करणं म्हणजे उभ्या रेघांनी गोधडी शिवणं. हल्ली तो तिथल्या तिथे संपादित करता येतो आणि २०२५ मध्ये नोंदी तक्त्यात मांडून दाखवणारी 'बेसेस' नावाची सोयही आली, पण नोशनच्या तक्त्यात रमलेल्या माणसाला हे गरिबाघरचंच वाटेल. तिसरी, चित्रं. पेस्ट केलेल्या चित्राला तारीख-वेळेचं लांबलचक नाव मिळतं, आणि ती कुठे साठवायची ते आधी ठरवलं नाही तर फोल्डरभर विखुरतात. हे मी उशिरा ठरवलं.

सिंकचंही सांगायला हवं. खात्याच्या घरात तो विषयच निघत नाही. इथे मात्र एक तर ऑब्सिडियनची स्वतःची सिंक सेवा पैसे भरून घ्यायची, नाहीतर फोल्डर एखाद्या क्लाउडमध्ये ठेवायचा आणि दोन यंत्रांवर एकदम तीच फाइल न उघडण्याची शिस्त पाळायची. ती मोडली की एका फाइलीच्या दोन होतात. माझ्या दोनदा झाल्या आहेत. चूक माझीच, पण खात्याच्या घरात असलं भान ठेवावं लागत नव्हतं हेही खरं. बॅकअपचंही तेच. डिस्क गेली आणि दुसरी प्रत नसली तर कुणाला फोन करणार?

पैशाचं बोलायचं तर आकड्यांपेक्षा पैसे कशाचे जातात ते बघावं. खात्याच्या वर्गणीत सर्व्हर, सिंक, एकत्र काम करायची सोय हे सगळं येतं, आणि ते वापरणाऱ्याला ती महाग वाटायचं कारण नाही. मी त्यातलं जेमतेम सिंक वापरत होतो. शिवाय नियम बदलायचा अधिकार त्यांच्याकडे असतो. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापराला ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. जुन्या नोंदी वाचता येत होत्या, बाहेरही काढता येत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्याला नवीन लिहिता मात्र येईना. यात फसवणूक काही नाही, दुकान त्यांचं आहे. पण ती बातमी वाचली तेव्हा मी फोल्डरात होतो आणि मला बरं वाटलं, हे कबूल करतो. ऑब्सिडियन वैयक्तिक वापराला फुकट आहेच, फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणीही परवाना विकत घ्यायची सक्ती उरलेली नाही. तो मुक्तस्रोत नाही, त्यामुळे तोही उद्या बदलू शकतो. तेव्हा मी दुसऱ्या एडिटरने तोच फोल्डर उघडेन.

घर बदलण्याचा त्रास किती? माझ्याकडे दोन हजारांच्या आसपास नोंदी होत्या. साधा मजकूर आणि चेकबॉक्स धडपणे आले. तक्ते अर्धेमुर्धे आले. नोंदीनोंदींमधले दुवे तुटले, आणि बऱ्याच फाइलींच्या नावांना आकडे-अक्षरांचं शेपूट लागलं. पहिले दोन दिवस शेपट्या छाटत बसलो, मग लक्षात आलं की यातल्या निम्म्याहून जास्त नोंदी मी केल्यापासून उघडलेल्याच नाहीत. 'नंतर वाचायचं' या नावाखालीच चारेकशे होत्या. त्या एका फोल्डरात टाकल्या आणि तो बंद केला. आजवर दोनदा उघडावा लागला.

निवड करताना एकच करून बघा असं सुचवेन. यंत्र नुकतंच सुरू केलेलं असू द्या, प्रोग्रॅम बंद. फोन कानाला लावा आणि घरातल्या कुणाला तरी पलीकडून दहा आकडे सांगायला लावा, न थांबता. एकदा नेट चालू ठेवून, एकदा बंद करून. तुमच्या हल्लीच्या प्रोग्रॅममध्ये दहाच्या दहा नीट आले तर हा सगळा लेख तुमच्यासाठी नाही, आहात तिथे सुखाने राहा. चार जणांच्या गटात काम असेल तरीही खात्याचंच घर धरा, पेनने लिहीत असाल तरीही. एकटे लिहिता, मजकूरच जास्त लिहिता आणि काही आकडे गाळले जात असतील, तर मात्र फोल्डरात एक महिना राहून बघायला हरकत नाही. जुन्या नोंदी लगेच हलवू नका, नव्या तेवढ्या इथे लिहा.

मागे राहिलेला तो खोका म्हणजे घरातल्या सगळ्यांची सामायिक यादी. ती जुन्या खात्यातच आहे आणि तिथेच राहील. सगळ्यांच्या फोनवर ती लगेच दिसते, आणि तिच्यात कुणी घाईघाईने आकडे सांगत नाही.